सहा तारखेची रात्र

साकीनाका, पहिला मजला, गाळा नंबर चौदा.
आम्ही स्प्रिंगा बनवतो.
बॉलपेनातल्या नव्हे,
पंपाच्या व्हॉल्व्हमधल्या,
ज्या चालतात तोवर कुणाच्या खिजगणतीत नसतात.

नाना गेले तेव्हा मला येत होतं एवढंच:
बिलं लिहिणं,
आणि चहा सांगताना माणसं मोजणं.
चौदाव्या दिवशी त्यांच्या खुर्चीत बसले.
एक पाय आखूड, खाली पुठ्ठ्याची घडी.
मी सुताराकडून पाय नीट करून घेतला
आणि महिनाभर खुर्ची परकी वाटत राहिली.

सुरुवातीला मी फार बोलायचे.
फळा आणला, त्यावर लक्ष्य लिहिलं, लाल खडूनं.
कॉइलिंगवरचा रामसूरत शेवटी म्हणाला,
"दीदी, मशीन चालू असलं की तुमचं ऐकू येत नाही,
आणि बंद केलं तर तासाला दोनशे नग जातात."
तेव्हापासून मी जेवणाच्या सुट्टीत बोलते.
तेही डबा उघडून, निम्मं त्यांच्या ताटात गेल्यावर.
फळ्यावर आता डब्यांच्या भाजीचा हिशोब असतो.

मग वसईहून आठ हजार नग परत आले.
दाबले की बसायचे, उठायचेच नाहीत.
भट्टीत वीस मिनिटं कमी पडली होती.
भट्टीवर कोण होतं, ते सगळ्यांना माहीत.
सुहासिनी घाडी भिंतीकडे तोंड करून नग मोजत होती,
मोजलेलेच पुन्हा.
कंपनीच्या फॉर्मवर एक रकाना होता: जबाबदार व्यक्ती.
पेनाचं टोपण मी दोनदा लावलं, दोनदा काढलं.
मग माझं नाव लिहिलं.
मोठेपणा नव्हता त्यात, साधा व्यापार होता:
तिचं लिहिलं असतं
तर पुढची चूक मला गिऱ्हाइकाकडून कळली असती.
सोमवारी भट्टीपाशी एक गजराचं घड्याळ आलं,
कोंबड्याचं चित्र असलेलं. कुणी आणलं, मी विचारलं नाही.
तो कोंबडा दिवसातून नऊदा आरवतो
आणि अजून प्रत्येक वेळी मी दचकते.

आणि भालचंद्र.
अकरा वर्षं आमच्याकडे, नानांच्या हाताखाली शिकलेला,
नुसत्या अंगठ्यानं तारेची जाडी सांगणारा.
त्यानं समोरच गाळा घेतला. दोन गिऱ्हाइकंही गेली.
त्या बाजूची खिडकी मी वर्षभर उघडली नाही.
भट्टीचा उकाडा सगळ्यांनी सोसला, माझ्या रागापायी.
खरं म्हणजे ती गिऱ्हाइकं त्यानं नेली नव्हती.
मीच त्यांचे फोन उचलत नव्हते,
भाव कमी करा म्हणतील या भीतीनं.
हे कबूल करायला एक अख्खी दिवाळी गेली.
खिडकी मग रामसूरतनं उघडली, हातोडीनं. गंजली होती.

काल सहा तारीख. शटर अर्ध्यावर ओढलेलं.
भालचंद्र वाकून आत आला, हातात हेल्मेट.
पैसे मागणार, असं वाटून
मी मनात नकाराची वाक्यं जुळवायला घेतली.
तो बराच वेळ नव्या मशीनकडे बघत राहिला. मग म्हणाला,
"ताई, उद्या पगार. चार माणसं आहेत माझी.
चेक अजून वटला नाही.
तुम्ही आदल्या रात्री झोपता कशा?"

"झोपत नाही."

"पण सात तारखेला सकाळी तुम्ही तर एकदम..."

"सकाळी तोंड धुते."

तो हसला नाही. मीही नाही.
खुर्ची त्याच्याकडे सरकवली, मी तारेच्या बंडलावर बसले.
"त्यांना आजच सांग," म्हटलं,
"उद्या दुपारी नको. दुपारपर्यंत
माणूस उधारीचा वायदा करून बसलेला असतो."
त्यानं मान हलवली, खिशातून फोन काढला,
नुसताच हातात धरून बसला.

मी खालच्या टपरीला चहा सांगितला.
दोनच हवे होते.
सवयीनं तोंडातून अकरा निघालं.