अकरावं पाकीट

बारा पाकिटांचं खोकं आलं पुण्याहून,
हेमाक्षीनं धाडलेलं.
लाल कागद, वाफाळता वाडगा,
आणि चौकोनी अक्षरं, एकही न कळणारं.
'रामेन म्हणतात, आई. बाबांना दे.
काहीतरी वेगळं लागेल.'

ह्यांना वास येत नाही.
माघातल्या तापापासून.
तीस वर्षं भुसावळच्या लोको शेडमध्ये
नुसत्या हुंगण्यावर इंजिनाचं दुखणं सांगणारं नाक;
आता पऱ्हाटीवर भाजलेल्या वांग्याचं भरीत
आणि भिजलेला पुठ्ठा,
दोन्ही सारखेच.

पहिलं पाकीट चित्रात दाखवलं तसं केलं.
पाणी मोजलं, चार मिनिटं घड्याळाखाली उभी राहिले.
जिभेवर आधी मीठ, मग जरा गोड,
मग काहीच नाही,
पाहुण्यानं चपला न काढता दारातूनच परतावं तसं.
ह्यांना विचारलं, कसंय?
'गरम आहे.'

दुसऱ्यात त्यांची पुडी अर्धी,
अर्धा घरचा काळा मसाला.
'गरम आहे.'
मग एकात शेंगदाण्याचं कूट घातलं,
ते तळाला बसलं आणि शेवया गाळात रुतल्या.
ते मीच खाल्लं, उभ्यानं, ओट्याशी.
लिंबाचं तर सांगायलाच नको.

मिरच्या भाजल्या त्या दिवशी ठसका गल्लीभर गेला.
भारंबेकाकू खिडकीतून शिंकत ओरडल्या,
'सुपडूभाऊले मारते का वं?'
त्यांच्या डोळ्यांना पाणी, माझ्या डोळ्यांना पाणी.
ह्यांनी पेपराचं पान उलटलं.

नवव्या पाकिटाशी माझ्या ध्यानात आलं,
मी उगाच भीत होते त्या परक्या अक्षरांना.
रश्श्यात बुडालेलं लांबलचक काही
आपण काय आज खातोय?
शेवभाजी काय, कुरडईची भाजी काय.
त्यांची पुडी डब्यामागे सारली.
कांदा, खोबरं थेट जाळावर धरलं,
लसूण ठेचला, तेल सुटेपर्यंत परतलं,
तर्री अशी आली की
दिवा लावला असता तिच्यात.
मला घाम फुटला. नाक वाहिलं.
'चांगलं आहे,' ते म्हणाले,
माझ्याकडे बघून, वाडग्याकडे नाही.

अकराव्याला फोन आला हेमाक्षीचा.
मी सांगत होते, अगं, कूट नको घालूस,
आणि अंडं शेवटी, आच बारीक करून,
आणि तिकडे पाऊस आहे का, आणि भाडं वाढवलं का,

तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून,
खेकसून, जुन्या आवाजात:
'कांदा जयला का वं?'

फोनमध्ये ती हॅलो हॅलो करत राहिली.
मी वळून पाहिलं.
कांदा एका अंगानं पार कोळसा.
चिमटा हातात होता.

मी गॅस बंद केला नाही.
अजून थोडा जळू दिला.