टिचकी

मोबाइल म्हणाला, जागा संपली.
त्यात अब्बा होते, अकरा तास चाळीस मिनिटं:
घोडीवर कानस फिरवताना, थांबताना,
तारेखाली सूत सरकवून ‘आता ऐक’ म्हणताना.
जवारीतला तो बारीक झंकार
परवापासून त्यांना ऐकू येत नाही.
म्हणजे परवा कबूल केलं.

मिरजेत स्टेशन रोडला, मगदुमांचं दुकान.
मी स्वस्तातला पेन ड्राइव्ह उचलला: दोन टीबी, साडेतीनशे.
बाहुबली मगदूम हसला नाही, हे चांगलं केलं.
‘तो दाखवायला ठेवलाय. लिहिलंय दोन टीबी, आत आठच जीबी.
भरत राहतो, तक्रार करत नाही,
नव्याखाली जुनं गाडत जातो.
नंतर बघाल तर नावं शाबूत,
आणि आत काही नाही.’

अब्बांनी तो कानाशी धरला,
नखानं टिचकी मारली.
भीमाकाठी शेकडो भोपळ्यांतून फिरून
सात-आठच घेऊन येणारा माणूस.
साल कुणाची जाड, कीड कुणाच्या पोटात,
बोटाला आधी कळायचं.
‘मुका आहे,’ म्हणाले, आणि परत ठेवला.

मग मगदूमनं चौसष्टचा काढला,
पाच वर्षांची हमी, पक्कं बिल.
‘आधी गच्च भरा, कसल्याही फायलींनी.
सगळ्या परत उघडल्या, तर तो खरा.
आणि एकावर विसंबू नका, दोन घ्या.
दुसरा दुसऱ्या घरी. सांगलीत ठेवलात
तर वरच्या मजल्यावर.
अधूनमधून लावून बघा,
नुसता कपाटात पडला तर विसरतो.’

इथं अब्बांनी मान डोलावली.
‘खोळीतला तंबोराही रुसतोच.’
मग, ‘पाच वर्षांनी काय?’
‘नवा घ्यायचा, ह्यातलं त्यात ओतायचं.’
अब्बा बिलाकडे बघत राहिले.
त्यांच्या अब्बांचा तंबोरा अजून कुणाच्या तरी
घरी सुरात आहे.

रात्री मी भरत बसले होते.
हिरवी पट्टी मुंगीसारखी सरकत होती.
बाराच्या सुमाराला एक फाईल उघडून बघितली, कुठलीही:
पडवी, भोपळ्यांची रास, कुणाचा तरी खोकला
आणि टिचकी.

पलीकडच्या खोलीतून अब्बा म्हणाले,
‘तो नको घेऊ. आतून किडका आहे.’

तो किडका भोपळाही
मी दोन्हींवर ठेवला.