आठवा डबा

ऑगस्ट होता. बरबँकमध्ये डांबर बुटांना चिकटत होतं
आणि आम्ही अठरा बायका
पातळ सुती हातमोजे घालून
बर्फ रंगवत होतो.

पंखा लावायचा नाही, धूळ उडते.
खिडकी उघडायची नाही, धूळ येते.
घाम पुसायचा तो मान मागे घेऊन, दंडाने,
कारण सेलवर एक थेंब पडला
की गेली हंसीण.

हंसीण त्या पुस्तकातली.
बत्तीस पानं, शब्द मोजून दोनशे दहा:
थवा दक्षिणेला जातो, हिचा पंख दुखावलेला,
ही मागे राहते,
आणि तिच्या सात पिढ्यांत कुणी न पाहिलेला
डिसेंबर बघते.
एवढ्याशा दुधाचे टीव्हीसाठी सव्वीस मिनिटं करायचे होते,
म्हणून लेखकांनी पाणी घातलं:
एक बोलघेवडं घुबड, एक सारखा घसरणारा पोस्टमन.
तिचं एक पाऊल म्हणजे आठ चित्रं.
रेघ पुढून, रंग मागून.
आठही वेळा चोच नारिंगी,
आठही वेळा डोळ्यात तोच, तिथेच, ठिपका.

मिसेस ल्युबॅक, आमच्या मुकादम,
पांढऱ्याचे सात डबे मांडून म्हणाल्या,
बर्फ यातला कुठला?
मुली सगळ्या फ्रेझ्नोच्या, पॅसाडीनाच्या,
बर्फ त्यांनी सरबतात पाहिलेला.
मी मिनेसोटाची, ओडेगार्डांची थोरली.
विचारलं, किती वाजताचा?
सकाळचा दोन नंबर.
दुपारी त्याला रंग नसतो, नुसता डोळ्यांत घुसतो.
आणि चारच्या सुमाराला,
बाबा गोठलेल्या तळ्यावरून मासे घेऊन परतायचे तेव्हा,
निळा.
पार आमच्या दारापर्यंत निळा.

त्यांनी आठवा डबा मागवला.

एकोणिसाव्या पानावर शब्दच नाहीत.
ती खिडकीबाहेर उभी. आत उजेड, टेबल,
माणसं जेवायला बसलेली. बस्स.
प्रायोजक होते भट्टीत भाजायची भांडी विकणारे.
त्यांचा माणूस म्हणाला, इथे तिला हसवा,
आणि टेबलावर आमचं भांडं असू दे, मोठं, झाकण उघडं.

पुस्तकवाल्या मिस टिलटसन व्हरमाँटहून आल्या होत्या,
भर ऑगस्टात लोकरीचा कोट.
आवाज चढवला नाही.
म्हणाल्या, नाताळच्या दिवशी त्या भांड्यात काय असतं,
ठाऊक आहे ना तुम्हाला?

कुणीतरी खोकलं.
घुबडाचा आवाज देणारा हसला, आणि एकटाच पडला.

तिला ठाऊक नाही, त्या म्हणाल्या.
म्हणून तर तिथे मी काही लिहिलं नाही.

हसू गेलं. भांडं राहिलं, पैसे त्यांचे होते.
संध्याकाळी ते दृश्य माझ्या टेबलावर आलं.
खिडकी हलत नाही, तिचा एकच सेल, अकरा सेकंद टिकणारा.
मी कुणाला विचारलं नाही.
सेल पालथा घातला, कोरडा कुंचला आठव्या डब्यात जेमतेम टेकवला
आणि काचेवर वाफ धरली,
बरोबर भांड्याच्या समोर.

पगार कापतील म्हणून दोन शुक्रवार वाट पाहिली.
नाही कापला.
शेवटी जी नावं सरकतात
त्यात आम्हा अठराजणींपैकी कुणीच नाही,
घुबड आहे.

आता डुलूथ. टोव्हा सहा वर्षांची,
दर डिसेंबरला माझ्या पायांवर बसून बघते,
आणि दर डिसेंबरला म्हणते, आजी, इथे थांबव.
आत काय शिजलंय?
बटाटे, मी सांगते.
नुसते बटाटे?
आणि गाजरं.

यंदा ती उठली,
बाही पंजावर ओढून टीव्हीची काच घासघासून पुसली.
जात नाहीये, म्हणाली.
नाही जायची, बाळ. आतल्या बाजूने आहे ती.

तिने माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.
गेल्या महिन्यात तिने शाळेत कोंबडीबद्दल काहीतरी ऐकलंय,
तेव्हापासून ताटात मांस घेत नाही.
मग परत येऊन बसली, पाय माझ्या शालीत खुपसले,
म्हणाली, चालू कर.

हंसीण खिडकीपासून वळली.
आठ चित्रं. पुन्हा आठ.
मी अजून मोजते.