दंडाचं माप

डॉक्टरनं दंडाला पट्टा गुंडाळला
तेव्हा मनात आधी हेच आलं :
साडेबारा. बाही सैल ठेवावी लागेल.

आकडा निघाला एकशे अठ्ठ्याहत्तर.
"घरात कुणाला?"
तोतारामआप्पा, एक्कावन्नाव्या वर्षी.
द्वारकाआत्या, बिबड्यांचा घाटा ढवळता ढवळता.
आणि दादा.
आखाजीला चार दिवस उरलेले,
पारोळ्याच्या ह्याच दुकानात
लग्नाच्या सतरा सफारी कापायच्या पडलेल्या,
आणि कात्री हातातून सुटली.
"हात आयकत नही मना," म्हणाले,
ओठाची उजवी कड उसवल्यागत.
आम्ही कांदा हुंगवला, सरबत पाजलं.
धुळ्याला पोचेतो दुपार कलली.

माझ्याकडे आलं ते :
पितळी मुठीची कात्री, पायमशीन,
मापांच्या अकरा वह्या.
साऱ्या गावाच्या छात्या, कंबरा, दंड त्यांत उतरवलेले.
त्यांचा स्वतःचा एक आकडा नाही.

नाडी बघताना डॉक्टर थांबला,
परत धरली.
मधेच टाका सुटतोय म्हणे.
मशीनचा सुटला तर मला
समोरच्या चहावाल्याकडे बसूनही कळतं.

गोळ्या दिल्या. मीठ, शेव, तंबाखू
एका रेघेत खोडलं.
पट्टी काढायची म्हणून पुन्हा बोलावलंय बुधवारी.

रात्री तेजल आली, कॉलेजसाठी कुर्ता हवा.
टेप तिच्या दंडाभोवती
मी जरा जास्तच वेळ धरून ठेवली.
"बाबा, झालं का?"
नवं पान काढलं तिच्या नावाचं.
वरती आप्पा, आत्या, दादा, मी,
ज्याचा त्याचा आकडा, नसेल तिथे वय.
मग खाली
बाही, अठरा.