दोन बोटं माया

मशीनच्या डाव्या अंगाला खिडकी,
खिडकीला बाहेर काढलेला ग्रिलचा पिंजरा,
त्यात डिस्टेंपरची वीस लिटरची बादली.
बुडाला पाच भोकं, तापल्या दाभणानं पाडलेली.
बादलीत गवत आहे असंच येणाऱ्याला वाटतं.
माप द्यायला आलेली एकजण तर म्हणाली,
मांजरासाठी लावलंत का?

ती लिंथोईची पात.

समोरच्या खोलीत अकरा महिने राहिली.
विमानतळाजवळच्या हॉटेलात रात्रपाळी;
सकाळी जिना चढायची चपला हातात घेऊन,
कोणाची झोपमोड नको म्हणून.
आणि मजल्याची तक्रार काय, तर वास येतो.
सुक्या मासळीचा.
आता कलिन्यात सुक्या मासळीचा वास कोणाला नवा?
मी जवळा भाजते तेव्हा
सेक्रेटरी दळींना सर्दी झालेली असते बहुधा.

पातीचं नाव विचारलं तर म्हणाली, मरोई.
मी म्हटलं, अगं, तिन्हीसांजेला असलं बोलू नये.
अर्थ कळल्यावर इतकी हसली
की ओंजळीतली माती सांडली पॅसेजभर.
मरोई नाकुप्पी, तिनं सावकाश फोडून सांगितलं,
आणि मग तिच्या हिंदीत:
आंटी, ये मरता नहीं है.

उपटायची नाही, हे पहिल्याच दिवशी बजावलं.
कापायची. मातीपासून दोन बोटं वर.

मी काहीच बोलले नाही.
चाळीस वर्षं मी दुसरं काय करते?
प्रत्येक शिवणीच्या आत दोन बोटं माया सोडते,
अंगावर घातल्यावर दिसत नाही ती.
बाळंतपणानंतर, थायरॉईडनंतर,
किंवा नुसत्याच सुखानं अंग भरलं
की उसवायची आणि मोकळं करायचं.
कापड वाचवणाऱ्याच्या हातचा ब्लाउज
एका दिवाळीचा.

पहिली कापणी अंड्याच्या पोळीत गेली.
दुसरी पिठल्यावर, गॅस बंद केल्यावर.
फोडणीत टाकली तर तोरा सगळा जातो,
नुसतं हिरवं उरतं.
लसणीची धाकटी जाऊ म्हणावी अशी,
तिखटपणा घरचाच, पण आवाज खालच्या पट्टीत.
पाली हिलच्या अधिकारी बाईंनी एक काडी तोडून चावली:
अहो, या तर चाइव्ह्ज!
आम्ही आणतो, एवढीशी डबी, एकशे वीसला.
फॉलच्या दोऱ्यानं जुडी बांधून दिली त्यांना.
शिलाईत धरली नाही.

करार संपला, पुढे वाढला नाही.
घरमालकानं कारण सांगितलं नाही.
कोणी विचारलंही नाही.
मीही नाही.
त्या आठवड्यात माझ्याकडे लग्नाचे नऊ ब्लाउज होते.

जाताना तिच्या दोन बॅगा, एक भाताचं इलेक्ट्रिक भांडं.
गड्डा मधोमध चिरला. अर्धा ओल्या पंचात गुंडाळून नेला,
अर्धा बादलीसकट माझ्या दाराशी ओढत आणून ठेवला.
ठाण्याच्या पलीकडे कुठेसं म्हणाली.
मशीन चालू होतं, स्टेशन नीट ऐकू आलं नाही.

ऑक्टोबरात फुलं आली.
पांढरी, काठीवर खडी लावल्यासारखी.
फोटो काढून पाठवला.
चार दिवसांनी उत्तर: कळी असतानाच खायची होती,
अब कड़क हो गया, आंटी.
खाली एक हसरा चेहरा. बस.

समोर आता नवं जोडपं आहे.
त्यांच्या स्वयंपाकाला वास नाही म्हणतात.

आज पुन्हा कापली.
कात्री धुतली, दोन बोटं मातीवर आडवी ठेवली,
त्याच्या वरून.
पाचव्या दिवशी वीतभर वर येते, खरंच मरत नाही.
पण निरखून बघा,
जुन्या काडीचं टोक पुन्हा अणकुचीदार होत नाही.
ती कितीही वाढली
तरी कात्री लागलेलं टोक सपाटच राहतं,
आणि वाढताना
ते सगळ्यात वर घेऊन चढते.