छत्तीसचा आकडा

गुरुवारी रात्री वादी कबीरमध्ये, दाद करीमच्या दुकानाबाहेर,
माझी सायकल चाकं वर करून उभी
आणि भोवती पाचजण, पाच पंचांगं घेऊन.

मस्कत ते सूर. दोनशे किलोमीटर, मधे फिन्सला मुक्काम.

शाजी म्हणाला, टायर अठ्ठावीसचे घाल, रस्ता लोणी आहे.
रोडेल म्हणाला, चाळीसच्या खाली उतरलीस तर माझ्याशी बोलू नकोस.
कडेला ट्रकच्या फुटक्या टायरांच्या तारा पडलेल्या असतात,
केसाएवढ्या, दिसत नाहीत, नुसत्या घुसतात.
चिमटा ठेव जवळ. भुवयांचा चालेल.

हिलालचं एकच म्हणणं, तीनला नीघ.
फजरची बांग घाट चढायच्या आधी कानावर पडली पाहिजे,
घाटात पडली तर उशीर झाला.
आणि उंटाला घंटी वाजवायची नाही. थांबायचं.
रस्ता आधी त्याचा.

श्रीरंग खांडेपारकर घरून स्वयंपाकाचा वजनकाटा घेऊन आला होता.
माझ्या पिशव्या फरशीवर ओतून
त्याने एकेक जिन्नस तोलला: पंप, पाने, जादा ट्यूब,
कॅसेट उघडायचं अवजार, एकशे ऐंशी ग्रॅम.
हे कशाला? कधी लागत नाही.
कोकमाच्या बाटलीला मात्र तो काही बोलला नाही.
फोंड्याचा आहे शेवटी.

मी अकरा वर्षं रुवीत लोकांचं रक्त तपासते,
शतांश ग्रॅमचा हिशेब मला कळतो,
तरी काढून ठेवलं.

दाद करीम एवढा वेळ मागच्या चाकाशी.
नखाने एकेक तार छेडायचा, कान लावायचा,
पाव वळसा पिळायचा, पुन्हा छेडायचा.
अठरा इकडे ओढतात, म्हणाला, अठरा तिकडे.
ओढणं थांबलं की चाक गेलं.

मी खोक्याच्या पुठ्ठ्यावर ग्रीसच्या बोटाने लिहून दाखवलं,
आमचा ३६. पाठीला पाठ लावून बसलेले दोघे,
आमच्याकडे भांडणाला हेच नाव आहे.
त्याने बघितलं, आणि शेजारी
आपला छत्तीस काढला, अरबी.
त्यातले तीन आणि सहा
एकमेकांकडे तोंड करून होते,
उलट दिशांनी येणारे दोन सायकलवाले
वाटेत भेटून थांबावेत तसे.
मग त्याने तीन सुट्ट्या तारा माझ्या फ्रेमला टेपने बांधल्या
आणि बोटं चिंधीला पुसली.

दिबाब मागे पडलं, ऊन डोक्यावर चढलं,
डावीकडे समुद्र, उजवीकडे कोरडा डोंगर,
आणि खालून बारीकसा
टिंग.

मागचं चाक. उजवी बाजू. कॅसेटच्या आत.
बरोबर मापाची तार फ्रेमला बांधलेली,
आणि ती घालायचं अवजार
रुवीच्या स्वयंपाकघरात, चमच्यांच्या खणात.

त्या उन्हात पाचही जण माझ्या डोक्यात एकदम बोलू लागले.
मी आधी कोकम प्याले.
मग शेजारच्या दोन तारा पाव-पाव वळसा फिरवल्या,
ब्रेक सैल सोडला,
तुटकी तार तिच्या बहिणीभोवती गुंडाळली.
चाक लंगडत निघालं. एक उंट बघत होता.
मी थांबले. तो गेल्यावर निघाले.

सूरला पस्तीस तारांवर पोचले.

पुढच्या गुरुवारी खटला उभा राहिला.
रोडेलच्या मते टायर, शाजीच्या मते रोडेल,
हिलालने विचारलं, निघालीस किती वाजता? मी म्हटलं, साडेचार.
तो फक्त आकाशाकडे बघून हसला.
श्रीरंगने वजनकाटा आणला नव्हता.
दाद करीमने नवी तार घातली, छेडली,
ती एकटीच वरच्या पट्टीत वाजली.
जुन्यांत मिसळायला चारशे किलोमीटर लागतील, म्हणाला.

तेवढ्यात जिन्सी आली, रॉयल हॉस्पिटलची नर्स,
कुणाकडून तरी घेतलेली सायकल ढकलत.
निझवाला जायचंय. टायर कोणते घालू?

बत्तीस, असं मी म्हणाले मात्र,
आणि चौघे एका दमात माझ्यावर तुटून पडले.

त्या गदारोळात मी पिशवीतून अवजार काढून
तिच्या हातात दिलं.
जड आहे, ती म्हणाली.
एकशे ऐंशी ग्रॅम. कधी लागत नाही.
ठेव.