लेबल गेलेला माल

एकोणीसच्या पुरात मारुती चौकातल्या दुकानात पाणी
वरच्या फळीपर्यंत आलं, आठवडाभर राहिलं.
उतरलं तेव्हा सगळे एलओटी जागच्या जागी,
बिस्किटाच्या डब्यांत गाळ नेसून दाटीनं बसलेले.
त्यांच्यावर पंचवीस वर्षं चिकटवलेल्या
कागदी पट्ट्या तेवढ्या गेल्या.
माल ठेवला, नावं नेली.
कृष्णामाईचा हिशोब असा.

तेव्हापासून मीटर लावून एकेकाला ओळख विचारतो.
ह्या पिनेपासून त्या पिनेपर्यंत किती ओहम?
फोकसची वायर जाड का बारीक?
पिना दहा, पण ग्राउंड कुठल्या बोटावर?
कधी नुसता तळहातावर घेतो. वजनावरून कळतं,
हा बेळगावच्या भंगारातला,
हा तात्या कुरण्यांनी दुकान मोडताना दिलेला.

भूपाल चौगुले अंकलीहून छोटा हत्ती घेऊन आला.
मागं गादीत गुंडाळलेलं उभं कपाट,
माधवनगर रोडच्या पार्लरमधला व्हिडिओ गेम,
नाण्याची फट अजून शाबूत.
म्हणाला, दहावीची फी ह्याच्यात घातलीय मी.
जसं होतं तसं करून पाहिजे.

मी म्हटलं, तसं कुठलं येतंय आता.
ट्यूब मेलेली. मानेतून हवा शिरलेली,
आतला चंदेरी डाग दुधासारखा पांढरा पडलेला.

दीड महिना शोधलं. विट्याच्या एका लॉजवरून
वीस इंची टीव्ही मिळाला, खोली नंबर सात.
काच बसली. चारी कान बसले.
सॉकेट बसलं, फिलामेंट नारिंगी झालं.
योक जुळेना.
लॉजच्या कॉइलचे आडवे ओहम जास्त,
आपल्या किटवर चित्र दोन्ही बाजूंनी आखडतं,
परक्याच्या घरी अंथरूण घातल्यासारखं.

भूपाल विचारतो, छत्तीसपैकी किती?
म्हटलं, छत्तीसच्या छत्तीस बघत बसलास
तर पोरगी बिनलग्नाची राहील.
अठरा जुळले की उभं करायचं.

मग जुन्या मानेवरचाच योक सोडवायला घेतला.
रबराच्या पाचरी, पस्तीस वर्षांचा डिंक,
बायकोचा हेअर ड्रायर.
तार तुटली असती तर दोन्ही ट्यूब आंधळ्या.
सुटला. नव्या मानेवर चढवला,
पुढं सरकवला, मागं, परत पुढं.
लाल, हिरवा, निळा,
वाटणीनंतरचे तीन भाऊ.
चुंबकाच्या कड्या केसभर केसभर फिरवत
रात्री साडेअकराला मधोमध
एक पांढरी रेघ झाली.

उजव्या खालच्या कोपऱ्यात लाल आलाच नाही.
पाचर बदलली. पट्टी लावून बघितली.
तो उंबऱ्याबाहेर उभा, चप्पल न काढता.

सकाळी भूपालला दाखवलं, एवढं राहिलं बघ.
तो कोपऱ्याकडं वाकलासुद्धा नाही. नाणं टाकलं,
जुनं, मोठं, कुठंतरी जपून ठेवलेलं,
आणि पहिल्याच मिनिटाला मेला.
परत टाकलं. परत मेला. हसत होता.
नाणं एकच. मी मागचं झाकण उघडून
ते पुन्हा पुन्हा काढून देत बसलो.

जुनी ट्यूब त्याला नको होती.
उजेडात तिरकी धरली की काचेत
जळून बसलेल्या भिंती दिसतात,
वर आकडे, कुणाचे तरी सगळ्यात जास्त,
आणि पुढं तीन अक्षरं. दोन वाचता येतात.

हल्ली मी कागदावर लिहीत नाही.
बायकोचीच नेलपॉलिश घेतो, पाण्याला न सुटणारी.
ट्यूबच्या पाठीवर लिहिलं, माधवनगर.
खाली योकचे ओहम,
योक आता तिचा नाही तरी.
वरच्या फळीवर तिला जागा केली.
मग ती उतरवून ठेवली,
फळी वीतभर आणखी वर ठोकली,
आणि परत ठेवली.